रत्नपारखी काकांचा दुसरा मोजा

आधी माफी मागतो. मी लेखक नाही. आजवर जे काही लिहिलं ते प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये आणि पेपरात, आणि त्यातलंही बरंचसं गाईडमधून पाठ केलेलं. आमच्या घरात पुस्तक आलं ते माझ्या शाळेच्या दप्तरातून. तेव्हा मी इतरांना काही सांगावं हे माझं मलाच जास्त वाटतं. पण फिजिओथेरपीच्या खोलीत खिडकीजवळ एक जाड वही ठेवलेली असते. बरे होऊन जाणारे पेशंट तिच्यात नंतर येणाऱ्यांसाठी चार पानं लिहून ठेवतात. फिजिओच्या मॅडम म्हणाल्या, भरत, तूही लिही. मी म्हटलं, मॅडम, मी अजून पूर्ण बरा नाही. त्या म्हणाल्या, मग तर लिहीच.

माझ्या आधी ज्यांनी लिहिलंय त्यांना सगळं समजलेलं दिसतं. आजाराने काय शिकवलं ते त्यांनी शेवटी लिहिलंय. मला तसं जमेल असं वाटत नाही. मला अजून पुष्कळ गोष्टी कळलेल्या नाहीत. चुकलं तर सोडून द्या.

* * *

सुरुवात चपलेपासून झाली. मी नगरच्या एका कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि होस्टेलवर राहत होतो. सकाळी लेक्चरला जाताना मागून कुणीतरी हाक मारली, की तुझी चप्पल मागं राहिली. खाली पाहिलं तर डावा पाय अनवाणी. चप्पल वीस-पंचवीस पावलं मागे रस्त्यात पडलेली. मधल्या खडीवरून मी चालत आलो होतो आणि मला पत्ता नव्हता. सगळे हसले. मीही हसलो. आदल्या आठवड्यात पोट बिघडलं होतं, त्याचा अशक्तपणा असेल असं धरून चाललो. होस्टेलची फरशी थंड असते, म्हणून पाय बधिर झाले असतील, असंही वाटलं. दोन कारणं मिळाल्यावर मी तिसरं शोधलं नाही.

तिसऱ्या दिवशी जिन्यावरून पडलो. उठायला गेलो तर पाय उठले नाहीत. मुलांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी रबराच्या छोट्या हातोडीने गुडघ्यावर मारलं. बारावीच्या पुस्तकात मी ते चित्र पाहिलं होतं. मारलं की पाय उडतो. माझा उडला नाही. त्यांनी दुसऱ्या गुडघ्यावर मारलं, परत पहिल्यावर मारलं. मला वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय, आणि मी पाय हलवायचा प्रयत्न करायला लागलो. ते म्हणाले, तू काही करू नकोस, नुसता पडून राहा. मग पाठीतून पाणी काढलं, हातापायांना शॉक देऊन नसा तपासल्या, आणि संध्याकाळी त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. जीबीएस. मी म्हटलं, सर, लिहून देता का. वर्गात न समजलेलं उतरवून घ्यायची सवय होती. त्यांनी औषधाच्या कागदामागे लिहून दिलं. त्यांच्या सांगण्यातलं मला कळलं ते एवढं, की आपलंच शरीर चुकून आपल्या नसांवरचं आवरण खातं, म्हणून पायाची खबर डोक्याला पोचत नाही आणि डोक्याची पायाला. मी विचारलं, बरा होतो का. ते म्हणाले, बहुतेक होतो.

‘बहुतेक’ हा शब्द मी त्या कागदावर स्वतः लिहून ठेवला. का, ते सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी आई आणि अण्णा आले. आमचं गाव शेवगाव तालुक्यात, पण ते तेव्हा पुणतांब्याकडे ऊसतोडीला गेले होते. निरोप मिळाला तसे फडातल्या कपड्यांनीच निघाले होते. आईच्या हातांवर पाचटाचे चरे होते. ती पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली आणि तिने माझे दोन्ही पाय घट्ट धरले. मला ते दिसत होतं. नुसतं दिसत होतं. मी तिच्या हातांकडे पाहत होतो आणि कुणातरी दुसऱ्याचे पाय धरल्यासारखे वाटत होते. मी तिला म्हटलं, आई, हात किती गार आहेत गं तुझे. हे मी खोटं बोललो. आजारात बोललेलं हे पहिलं खोटं. दुसरं याहून वाईट होतं, ते पुढे सांगतो.

* * *

पहिले दिवस आयसीयूत गेले. इंजेक्शनं चालू होती. त्या दिवसांतलं फार आठवत नाही. छतावरच्या चौकोनांचे उभे-आडवे गुणाकार करत होतो एवढं आठवतं. श्वासाची नळी घालावी लागली नाही, हे नशीब. मग मला पुरुषांच्या वॉर्डात आणलं.

वॉर्डात दिवस ठरलेला असतो. सहाला सिस्टर ताप बघतात, मग पुसून घेणं, चहा, डॉक्टरांचा राउंड, फिजिओ, जेवण, मग दुपारभर पंख्याकडे बघणं. आई माझ्याजवळ राहिली आणि अण्णा परत फडावर गेले. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. टोळीतले लोक अण्णांना चिडवायचे, काय अर्धा कोयता, आज भाकरी कुणाच्या हातची. अण्णा फोनवर हे हसून सांगायचे. आईला हसू यायचं नाही. ती इथे माझ्याजवळ बसायची आणि तिकडे तोडलेल्या उसाच्या मोळ्या एकट्याने कशा बांधत असतील याचा विचार करायची. ती नक्की कुठे असायला हवी होती, हे तिलाही कळत नव्हतं आणि मलाही.

माझ्या शेजारच्या पलंगावर रत्नपारखी काका होते. कोर्टात कारकुनी करून निवृत्त झालेले. त्यांनाही हाच आजार, पण माझ्यापेक्षा फार जोरात. महिनाभर मशीनवर होते, मग वॉर्डात आणलं होतं, पण गळ्याला नळी तशीच होती, त्यामुळे आवाज नव्हता. एकदा डोळे मिटले की ‘हो’, दोनदा मिटले की ‘नाही’. त्यांच्याजवळ त्यांच्या पत्नी बसायच्या. त्या भिंगारला प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या, म्हणून सगळा वॉर्ड त्यांना बाईच म्हणायचा.

बाई दिवसभर मोजा विणत. माझ्या माहितीत विणकाम म्हणजे दोन सुया आणि स्वेटर. बाईंच्या हातात दोन्ही टोकं निमुळती असलेल्या चार लहान सुया होत्या. तीन सुयांवर गोल टाके आणि चौथीने विणायचं. भिंगारला त्यांच्या शेजारी एक गढवाली सुभेदार राहायचे, त्यांच्या बायकोने त्यांना हे शिकवलं होतं. करड्या रंगाची मऊ लोकर तिनेच पूर्वी गावाहून आणून दिली होती. काकांचे पाय बर्फासारखे गार पडायचे. शिवाय विकतच्या मोज्याला बोटांपाशी जाड शिवण असते, आणि ज्या पायाला काही कळत नाही त्याला ती शिवण घासून जखम करते, हे बाईंना सिस्टरनी सांगितलं होतं. हाताच्या मोज्याला शिवण नसते.

काकांच्या पायांना सूज होती. म्हणून मोज्याचं माप बाई माझ्या पायावर घ्यायच्या. काका म्हणे बरे असताना माझ्याच मापाचे होते. आई बघत बसायची. एकदा म्हणाली, आपल्यात मोजं कोन घालतंय? खरं होतं. मी आयुष्यात मोजे घातले ते सव्वीस जानेवारीच्या परेडला, तेही शाळेने दिलेले.

* * *

आता ते दुसरं खोटं.

फिजिओच्या मॅडम रोज तपासणी करायच्या. डोळे मिटायचे, त्या कापसाने पायाच्या एखाद्या बोटाला स्पर्श करणार, मी कुठलं बोट ते सांगायचं. पहिल्या दिवशी दहापैकी एकही मला सांगता आलं नाही. मॅडमनी ते कागदावर लिहिलं. ते लिहिणं मला सहन झालं नाही. शाळेपासून मी पहिल्या तिघांत असायचो. आमच्या घरातला कॉलेजात गेलेला मी पहिलाच. दुसऱ्या आठवड्यात मी डोळे पूर्ण मिटले नाहीत. पापण्यांच्या फटीतून मॅडमचा हात दिसत होता. दहापैकी आठ बरोबर सांगितले. दोन मुद्दाम चुकवले, खरं वाटावं म्हणून. मॅडम खूश झाल्या. आईला म्हणाल्या, छान सुधारतोय. फाईलमध्ये लिहिलं की स्पर्श कळतो.

हे वाचणाऱ्यांनी हसावं किंवा रागवावं. पण मी तेव्हा फसवत होतो असं मला वाटतच नव्हतं. मला वाटायचं, मी तपासणीची तयारी करतोय. बरोबर उत्तरं देत राहिलो तर पाय मागून येतील.

पाय दुखायचे मात्र. हे एक अजब. ज्या पायाला स्पर्श कळत नाही तो आतून ठणकतो. त्यासाठी आईने शेक द्यायचं विचारलं. सिस्टरनी फाईल बघितली, स्पर्श कळतो असं होतं, म्हणून गरम पाण्याची पिशवी द्यायला हरकत नाही म्हणाल्या. आईने ती डाव्या टाचेखाली ठेवली आणि विचारलं, जास्त गरम न्हाई ना? मी म्हटलं, नाही, बरं वाटतंय.

दुपारी बाई माप घ्यायला आल्या. मोज्याची टाच विणून होत आली की नाही ते बघायला त्यांनी माझा पाय उचलला आणि तसाच धरून राहिल्या. टाचेवर सुपारीएवढा फोड आला होता.

आई भिंतीला टेकून खाली बसली. ती रडली नाही. आपल्या हातांकडे बघत एवढंच म्हणाली, “माज्या हातानं भाजला व्हय.” मॅडम धावत आल्या. मला विचारलं, तुला चटका कळला नाही? मी म्हटलं, थोडा कळला होता. अजूनही तेच. चार दिवस आईने त्या फोडाचं ड्रेसिंग होताना तोंड फिरवलं आणि दवाखान्यातून मिळणाऱ्या डब्यातली अर्धी भाकरी परत पाठवली.

पाचव्या दिवशी आई खाली औषधं आणायला गेली होती. बाई विणत होत्या. मी पंख्याकडे बघत सगळं सांगून टाकलं. बाईंच्या सुया थांबल्या नाहीत. ओळ संपल्यावर त्या म्हणाल्या, “तीस वर्षं शिकवलं. कॉपी करणारी पुष्कळ पाहिली. पण स्वतःच्याच पायाच्या पेपरात कॉपी करणारा तू पहिला.” शेजारी काकांनी डोळे एकदा मिटले. म्हणजे ‘हो’. मला हसू आलं आणि रडूही. बाई म्हणाल्या, मला सांगून उपयोग नाही, आईला सांग.

आई आल्यावर सांगितलं. तिने औषधाची पिशवी पलंगावर ठेवली. मला वाटलं आता बोलणी बसणार. ती म्हणाली, “म्हंजी मी भाजलं न्हाई म्हन की.” मग थोड्या वेळाने, “पेपर कुनाचा हुता तो? तुजाच ना? मंग कुनाला दाखवत हुतास?” त्या दिवशी तिने दोन भाकरी खाल्ल्या.

मॅडमनाही सांगितलं. त्यांनी फाईलमधली ओळ खोडून नवी लिहिली. माझ्यानंतर येणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे, की डोळे नीट मिटा.

* * *

त्यानंतर बाईंनी स्वतःची तपासणी सुरू केली. त्यांच्या पिशवीत लोकरीचे उरलेले तुकडे होते. मऊ, जाड, सुती, चकचकीत. सकाळचा राउंड झाला की आईच्या पदराने माझे डोळे बांधायच्या आणि एकेक तुकडा तळव्यावरून ओढायच्या. आधी काकांच्या, मग माझ्या. दर वेळी एकच प्रश्न, टोचतंय का? काकांचे डोळे दोनदा मिटायचे. मग माझ्याकडे वळून, तुला? मी म्हणायचो, नाही बाई. पहिले काही दिवस हा ‘नाही’ मोठ्या कष्टाने यायचा. मग सवय झाली. बाई म्हणायच्या, बरं, उद्या बघू, आणि तुकडे पिशवीत भरायच्या. वॉर्डातले इतर पेशंटही विचारायला लागले, काय आज टोचलं का.

माझी बोटंही कमजोर झाली होती. मॅडमनी सांगितलं, बोटांना काम द्या. बाईंनी सुया माझ्या हातात दिल्या. एक टाका सुईवर घ्यायला मला मिनिट लागायचं. टाका सुटला की खालपर्यंत ओघळत जायचा आणि बाई तो शांतपणे वर आणून द्यायच्या. वॉर्डातले मामा औषधांची गाडी ढकलत जाताना म्हणायचे, नवरीसाठी चाललंय वाटतं, माप कुठून मिळालं. अण्णांना फोनवर कळलं तेव्हा ते म्हणाले, “बोटं चालत्यात ना? मंग काय बी विन.”

पोटरीचा भाग मला जमायला लागला. तिथे गोल गोल जायचं असतं. टाचेपाशी मात्र सगळं बदलतं. अर्धे टाके एका बाजूला नुसते थांबवायचे आणि उरलेल्या अर्ध्यांवर मागे-पुढे विणायचं, मग मध्येच ओळ अर्धवट सोडून वळायचं. मला त्याचं गणितच लागत नव्हतं. अपुऱ्या ओळींतून गोल टाच कशी तयार होते हे मी वहीत आकृती काढून समजून घ्यायला बघितलं. बाई म्हणाल्या, टाचेपाशी सगळ्यांचं असंच होतं, वीण तू, वळल्यावर दिसेल.

काकांचा पहिला मोजा पूर्ण झाला आणि उजव्या पायात गेला. दुसऱ्याची पोटरी विणून झाली, टाच सुरू झाली. एक दिवस सकाळी बाईंनी तो माझ्या हातात दिला, दोन ओळी तू कर म्हणाल्या. मी एक केली, तेवढ्यात फिजिओला न्यायला खुर्ची आली. मोजा सुया आणि लोकरीसकट उशीखाली ठेवून गेलो.

परत आलो तेव्हा शेजारचा पलंग रिकामा होता आणि मावशी चादर बदलत होत्या. काकांचा श्वास अचानक बिघडला, ऑक्सिजन खाली गेला, म्हणून घाईने पुण्याला हलवलं. बाईंना चप्पल घालायलाही वेळ मिळाला नाही, मामा मागून घेऊन धावले, असं आईने सांगितलं. काकांच्या एकाच पायात मोजा होता.

दुसरा माझ्या उशीखाली होता.

* * *

मला सुट्टी मिळाली तेव्हा मी काठी घेऊन दहा पावलं चालत होतो. हंगाम संपला होता. अण्णा गावी आले होते. घरी गेल्यावर मी पहिल्यांदा तो मोजा काढला.

बाईंचा नंबर माझ्याकडे होता. भिंगारचा पत्ताही त्यांनी माझ्या वहीत लिहून दिला होता. मी फोन केला नाही. दररोज फोन हातात घ्यायचो. काकांना आणि मला एकच आजार होता. त्यांना तो माझ्या आधी झाला होता, म्हणून मला ते माझ्या पुढे चाललेले वाटायचे. त्यांचं काय झालं हे कळलं की माझं काय होणार ते कळेल, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की प्रत्येकाचं वेगळं असतं. ते पटत होतं आणि तरी फोन लागू नये असंही वाटत होतं. माझ्या तळव्यांना अजून काहीच कळत नव्हतं. चालताना पाय कुठे पडला हे बघावं लागायचं. अंधाऱ्या खोलीत एक पाऊल टाकता यायचं नाही. असा पाय घेऊन कॉलेजला जायचं कसं, प्रॅक्टिकलला उभं राहायचं कसं, का हा पाय आता असाच राहणार, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

मग ठरवलं, आधी मोजा पुरा करू. टाच अर्ध्यावर असताना करडी लोकर संपली. तसलीच मिळणं शक्य नव्हतं. आईने शेवगावच्या बाजारातून लोकर आणली. दुकानात सगळ्यालाच लोकर म्हणतात, पण ही चकचकीत आणि निसरडी होती. चार ओळी विणून पायात घालून बघितली. पायाचं मला कळत नव्हतं, पण हात घातला तर आत घाम. उसवली. मग सुती दोरा आणला. तो ताणलाच जात नव्हता. दिवसभरात मोजा घोट्यावर गोळा व्हायचा, आणि आईनेच तो खाली घसरल्याचं दाखवलं, मला कळलं नाही. उसवला. लहान बाळांच्या टोपड्यांची लोकर आणली. ती फार मऊ होती, पण एकदा धुतली तर तिचे बारीक बारीक गोळे झाले. तीही उसवली. अण्णा ओट्यावर बसून बघायचे. एकदा म्हणाले, “विनतोस किती अन् उसवतोस किती.” मी हिशेब केला नव्हता.

त्याच सुमारास आमच्या रानात खतासाठी मेंढ्या बसवल्या होत्या. आई त्या धनगरांच्या तळावर ताक घेऊन गेली आणि येताना हाताने कातलेल्या लोकरीची एक लडी घेऊन आली. घोंगडीचं सूत. काळं-करडं, कुठे जाड कुठे बारीक, आणि मेंढीचा वास तसाच. मी म्हटलं, आई, याचं घोंगडं होतं, मोजा नाही होत. ती खाली बसली, माझ्या डोळ्यांवर पदर टाकला आणि ते सूत तळव्यावरून ओढलं.

उजव्या तळव्याला काहीतरी झालं.

काय झालं ते मला लगेच सांगता येईना. आधी वाटलं, मुंगी आहे. मग वाटलं, मनाचा खेळ आहे. मी म्हटलं, परत ओढ. तिने परत ओढलं. मी म्हटलं, मला न सांगता ओढ. ती थांबली, मग ओढलं. “टोचतंय,” मी म्हटलं. आई म्हणाली, “डोळं मिटलेत ना?” मी म्हटलं, मिटलेत. डाव्या तळव्याला काहीच नव्हतं. तिथे तिने बराच वेळ ओढून पाहिलं.

उरलेला मोजा मी त्याच सुताने विणला. त्यातलं बारीक बारीक निवडून घेतलं, रिठ्याच्या पाण्यात दोनदा भिजवून मऊ करायचा प्रयत्न केला, फारसा झाला नाही. माप माझ्या पायाचंच घेतलं. अर्धी टाच बाईंची मऊ, अर्धी माझी खरखरीत. विणताना एक दिवस टाच खरंच वळली, कशी वळली ते आकृतीतून कळलं नव्हतं तसं आताही कळलं नाही. आजारी माणसाला असला राठ मोजा कुणी पाठवत नाही, हे मला समजत होतं. तरीही पाठवला. मला जे एवढं एक सूत कळलं होतं तेच त्यांना द्यावं असं वाटलं असेल. नक्की सांगता येत नाही.

शेवगावच्या पोस्टातून भिंगारच्या पत्त्यावर पार्सल केलं. आत चिठ्ठी लिहिली नाही. काय लिहायचं, काका कसे आहेत असं विचारायचं, की कसे होते असं?

* * *

दिवस गेले, उत्तर आलं नाही. मी कॉलेजला परत आलो. एक वर्ष मागे पडलो, पण प्रॅक्टिकलला स्टूलवर बसून काम करायची परवानगी मिळाली. उजव्या पायाला हळूहळू फरशी कळायला लागली, मग चपलेचा अंगठा, मग पाणी गार की कोमट. डावा तसाच राहिला. मॅडम दर आठवड्याला कापूस लावायच्या आणि मी डोळे घट्ट मिटून ‘नाही’ म्हणायचो. पार्सलचं मी मनाशी धरलं होतं की घराला कुलूप असणार. मग कुलूप का असणार याचा विचार करायचो आणि तिथेच थांबायचो.

परवा याच खोलीत, ही वही उघडी ठेवून पहिलं पान लिहीत होतो, तेव्हा फोन वाजला. बाईंचा नंबर. मी तो वाजू दिला. मॅडम म्हणाल्या, उचल की. उचलला.

बाई म्हणाल्या की पुण्याला मुलीकडे एवढे महिने काढले, गेल्या आठवड्यात घरी आलो, पार्सल शेजाऱ्यांकडे पडून होतं. माझ्या पायांबद्दल विचारलं. मी उजव्याचं सांगितलं, डाव्याचंही सांगितलं. काकांचं विचारायला माझं तोंड उघडेना. मग त्याच म्हणाल्या, “अरे, कुठली लोकर घातलीस तू त्यात? हे भांडतायत माझ्याशी.”

मागून कुणीतरी बोललं. घोगरा आवाज, मध्येच हवा निसटणारा. महिनाभर शेजारी राहूनही काकांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

“त्याला सांग,” ते म्हणत होते, “टाचेला टोचतो. डाव्या.”

“ऐकलंस?” बाई म्हणाल्या. “सकाळपासून हेच. टोचतो म्हणून काढतात, आणि अजून टोचतोय का ते बघायला परत घालतात.”